घुंघटाआडच्या चार गोळ्या

स्कूटरचं नाव काढलं तरी गुडघे कुरकुरतात आता. पिपलानीच्या आमच्या क्वार्टरपासून त्या गावापर्यंत तासाभराचा रस्ता, त्यातला निम्मा नावापुरता. टीबीचे रुग्ण औषधं घेतात की नाही, हे बघण्याची माझी नोकरी. लग्न होऊन भोपाळला आले तेव्हापासून हेच करतेय, आणि खरं सांगू, कंटाळलेय. त्यातही जास्त स्वतःच्या शहाणपणाला.

त्या गावातल्या एका सुनेला नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी होता, आणि जोडीला एचआयव्ही. घरात आणि गावात फक्त पहिला माहीत होता. वय असेल पंचविशीचं. 'असेल' म्हणते, कारण चेहरा दिसतच नसे. सासरा ओसरीवर खाट टाकून बसलेला, त्यामुळे हिचा घुंघट हनुवटीच्या खाली. नियम असा की गोळ्या आमच्या डोळ्यांदेखत गिळायच्या. मी तिच्या तळहातावर चार गोळ्या ठेवायची. हात घुंघटाआड जायचा, मग लोटा जायचा, घटघट आवाज यायचा. मी रजिस्टरमध्ये खूण करायची. मी नसेन त्या दिवशी सासरा साक्षीला.

नोकरीत नवी होते तेव्हा एकीला "पदर वर कर" म्हणाले, तर अख्खं गाव अंगावर आलं होतं. तेव्हापासून तोंड आवरून असते. देश तसा वेश! आपण पडलो बाहेरचे, कशाला कुणाच्या सुनेचा पदर ओढा?

चौथ्या महिन्यातही तिच्या थुंकीत जंतू सापडले. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नक्की घेते ना?" मी फणकारले, "माझ्या डोळ्यांदेखत घेते, सर." वर रजिस्टर पुढे सरकवलं. एक खूण चुकलेली नव्हती.

त्याच आठवड्यात गेले तर ओसरी रिकामी. सासरा बाजाराला गेलेला. तिने घुंघट मागे टाकला आणि हसली. अगं बाई, किती पोरसवदा होती! समोरच्या दातांत फट. मी गोळ्या दिल्या. दोन तोंडात गेल्या. उरलेल्या दोन सवयीने पदराच्या टोकात गेल्या आणि वर गाठ बसली. आज मध्ये घुंघट नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"अगं मेले, हे काय करतेस?" मी मराठीतच ओरडले. रागावले की माझं हिंदी पळून जातं.

ती घाबरून मागच्या खोलीकडे बघायला लागली. तिथे नवरा पडला होता, नुसता हाडांचा सापळा. घरचे म्हणत, दमा आहे.

"दो इनकी हैं," ती म्हणाली. "इन्हें भी यही है. शहर नहीं जाते."

शहरात गेलं तर दुसऱ्या रोगाचीही तपासणी होणार, गावभर बोभाटा होणार, या भीतीने तो खाट सोडत नव्हता. तो दुसरा रोग त्याच्याकडूनच तिला आलेला. आणि ही बया भाकरी वाटावी तशा त्याला गोळ्या वाटत होती! मला रडू आलं, आणि तिला एक ठेवूनही द्यावीशी वाटली. निम्म्या औषधाने दोघांचंही भलं होत नाही, जंतू तेवढे निर्ढावतात. हे मी तिला कधी सांगितलं होतं का? 'रोज घे' म्हणाले होते. 'वाटू नकोस' म्हणायला कुणाला सुचतं?

त्याला दटावून, गाडी बोलावून भोपाळला आणलं. सासऱ्याला सांगितलं, दमा दाखवायचाय. त्याची औषधं त्याच्या नावावर सुरू झाली. तिची बदलली, आणखी जहाल दिली. ती तिला सोसली नाहीत. थंडी सरायच्या आत गेली बिचारी.

मला कुणी जाब विचारला नाही. रजिस्टर चोख होतं ना! त्यातल्या माझ्याच हातच्या खुणा बघितल्या की जेवण जात नाही.

तो सुधारतोय. अंगावर मांस धरलंय. मी गेले की ओसरीवर, बापासमोरच सगळ्या गोळ्या तोंडात टाकतो, पाणी पितो, आणि न सांगता आ करून जीभ उचलून दाखवतो. मी वाकून नीट बघते. परवा माझी खूण करून झाली तरी तो तसाच आ करून बसलेला.

"झालं, हो गया," मी म्हटलं.

त्याने तोंड मिटलं. खाली बघत म्हणाला, "मैडमजी, उसका भी ऐसे ही देख लेतीं."