मेंढीचं कातडं आणि काळी काच

नागपूरहून सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा पिशवीत फाटकं कातडं होतं आणि डोक्यात राग. माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, फुटपाथवर पेटीचे भाते शिवता शिवता उभं केलेलं. रायपूरच्या व्यापाऱ्याशी फोनवर घासाघीस करून बोकडाचं म्हणून मागवलेलं चामडं मी एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या बॅंजोवर ताणलं. ते भर लग्नात ढिलं पडलं आणि फाटलं. आता खरं बोकडाचं बसवलं नाही तर माझी गावभर बदनामी ठरलेली.

रायपूरला गुढियारी बाजारात व्यापाऱ्याच्या गोदामाला कुलूप. वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तसे शेठही तेलीबांध्याच्या चकचकीत वस्तीत गेले, असं शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. त्याच्याकडचा गरम चिला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) रागातही दोनदा मागून खाल्ला.

तेलीबांध्याला तलावासमोर काचेची इमारत. चामड्याच्या दुकानात वास अत्तराचा. स्वागताला बसलेल्या मुलीला माझं मराठी सगळं कळत होतं, उत्तरं मात्र हिंदीत येत होती. शेठ मूळचे अमरावतीचे. त्यांनी टेबलावर दोन चामडी पसरली. काळ्या काचेतून येणाऱ्या उजेडात दोन्ही सारखीच दिसत होती. काच बहुधा त्यासाठीच काळी असावी.

मी दोन्ही उचलून रस्त्यावर आलो. उन्हासमोर धरलं की बोकडाच्या केसांची छिद्रं ओळीने दिसतात. मेंढीची विखुरलेली असतात, आणि कडेला नख लावलं की पापुद्रे सुटतात. दोहोंतलं एक माझ्या पिशवीतल्या फाटक्यासारखंच निघालं, मेंढीचं. बघे जमले. एकाने बकरा ठरवलं, दुसऱ्याने हरीण. राजधानीत सल्ला फुकट मिळतो. मागोमाग शेठ आले.

"मेंढी काहून दिली मले?" मी विचारलं.

"भाऊ, तुम्ही भाव पाडत पाडत मेंढीपर्यंत आले. बोकड तर वरच राहून गेला ना."

बघे हसले. ओळीच्या छिद्रांचं चामडं काखेत मारून मी शेठनी सांगितला तो भाव दिला. एवढ्या लोकांसमोर घासाघीस करायची त्यांनी सोयच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्केस्ट्रावाला दुकानात हजर. बोकडाची खूण मीच त्याला फोनवर सांगितली होती, मोठेपणा मिरवायला. मी चामडं पुढे केलं, तर तो ते घेऊन थेट रस्त्यावर गेला आणि उन्हासमोर धरून उलटंपालटं करू लागला.

"माझ्यावर भरवसा नाही?" मी भडकलो.

"आहे ना, भाऊ," तो छिद्रांवरची नजर न काढता म्हणाला, "पण ऊन बी आहे."