नारळाला ब्रश नाही

सहानाक्काला राग येत नाही. हाच तिचा रोग. तिच्या वाटचा मलाच येतो, म्हणून घरात सगळे मलाच ओरडतात.

ती माझ्या मावशीची मुलगी. चामराजपुरममध्ये त्यांचं टेलरिंगचं दुकान, वर घर. खाली मी ब्लाउजला हुक लावते, कारण शाळेचं आणि माझं नववीतच फाटलं. वर अक्का टॅबलेटवर डोंगर काढते. परदेशातल्या लोकांचा एक खेळ असतो. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यात चोर, जादूगार, सैनिक व्हायचं, फासे टाकायचे. त्याची जाडजूड पुस्तकं निघतात, त्यात चित्रं लागतात. माणसं आणि राक्षस दुसरे कुणी काढतात. अक्का नुसती जागा काढते.

जागा म्हणजे काय, तर एकच. बर्फाचा डोंगर, पाइनची झाडं, धुकं, लाकडाची खानावळ, धुराडं. कितीतरी वर्षं तेच. अय्यो, ड्रॅगन उडतो ना तिथं? मेलेला माणूस उठून चालतो ना? मग चिंचेचं झाड का नाही चालत? अक्कानं बर्फ बघितलेला पण नाही. थंडी म्हणजे तिला ऊटी, आणि ऊटीला ती बसमध्ये ओकत होती.

बंगळूरचा विश्वेश तिला कामं आणून देतो. ह्या वेळी त्यानं फोनवर सांगितलं, नव्या पुस्तकाचं पहिलं चित्र आहे, दोन पानं भरून, खाली तुमचं नाव. आजवर तिचं नाव कुठंच आलं नव्हतं. गोष्ट जिथून सुरू होते ते गाव काढायचं. नदी, शेत, बस्स.

"कुठलं गाव?" अक्कानं विचारलं.

"नॉर्मल गाव हो. डिफॉल्ट."

फोन ठेवला आणि ही लगेच पाइन काढायला बसली. मी टॅबलेटवर हात ठेवला.

"बर्फ म्हणाला का तो?"

"नाही."

"थंडी म्हणाला?"

"नाही गं, पण डिफॉल्ट म्हणजे तेच असतं."

"कुणाचं डिफॉल्ट? ऊठ. चप्पल घाल."

स्कूटरवर बसवून तिला केआर नगरला नेलं. कावेरीच्या कालव्यापाशी, भाताच्या शेतात. भर दुपार, सावली झाडाच्या बुंध्यालाच चिकटलेली. आधी तिनं उन्हावरून कुरकुर केली. मग बांधावर बसली ती बसलीच. माझी मान भाजली तरी हिची वही मिटेना.

"चल की गं आता!"

"सुम्ने बस," ती म्हणाली. कन्नडात म्हणजे गप बस. मला ती गप बस म्हणाली! लई बरं वाटलं.

ते चित्र तिला फार जड गेलं. पाइनचा ब्रश तयार मिळतो, पेन ओढलं की रांगेनं झाडं उगवतात. नारळाचा ब्रश तिच्याकडं नव्हता. एकेक झावळी हातानं ओढली तिनं. शेतात साचलेलं पाणी, त्यात आभाळ, पाण्याकाठचा दगडी मंटप म्हणजे मंडप, मागं बोडकी टेकडी, सगळीकडं पांढरं ऊन. असं गाव की राक्षस मारायला कुणी घरातून निघालाच, तर परत यावंसं वाटेल.

विश्वेशचा फोन आला, स्पीकरवर. "मॅडम, सुंदर हो! पण हे जरा स्पेशल वाटतंय. लोक म्हणतील गरम देशाचं वेगळं पुस्तक आहे. नदी, शेत राहू दे. झाडं तेवढी बदला, मागं थोडा बर्फ द्या. दसऱ्यानंतर पाठवलंत तरी चालेल."

"ओके, विश्वेश."

ओके! मी हातातली कात्री आपटली.

"तुला काहीच वाटत नाही का गं अक्का?"

"वाटतं. भांडून काय होणार?" असं म्हणून तिनं टॅबलेटवर चित्रातले नारळ लपवले आणि पाइनचा ब्रश उचलला.

मी तिला न विचारता ते नारळांचंच चित्र पेनड्राइव्हवर घेतलं, फ्लेक्सवर छापून आणलं. खाली हिचं नाव, हे एवढं मोठं. दसऱ्याला मावशी पायऱ्या लावून बाहुल्या मांडते आणि खाली पार्क करते. तबकात रागी पेरून हिरवळ, आरशाचं तळं, मातीचा डोंगर. त्या पार्कच्या मागं मी फ्लेक्स ठोकला.

"काढ ते आधी," अक्का लाजून लाल होत म्हणाली. तोवर हळदीकुंकवाला बायका आल्या.

मागच्या गल्लीतल्या नागरत्ना आंटी चित्रापुढं थांबल्या. "अय्या, हे आमच्या माहेराकडचं ना? असल्याच मंटपाशी आम्ही कपडे धुवायचो!"

फ्लेक्स काढायला निघालेली अक्का तिथंच थांबली. नुसती बघत राहिली त्यांच्याकडं.

तेवढ्यात मावशी कापूस घेऊन आली. पार्कातल्या डोंगरावर दरवर्षी कापूस लावतात, कैलासाचा बर्फ म्हणून. तो लावला, आणि उरलेला पिंजून मावशीनं डिंकानं फ्लेक्सवरच्या टेकडीला चिकटवला.

"बोडकी दिसत होती गं," म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. अक्का लहानपणापासून हाच कापूस पिंजत मोठी झालेली. मी उगाच बंगळूरला शिव्या घालत होते. डिफॉल्ट तर आमच्याच माजघरात बसून चणे निवडत होतं.

"अम्मा, तो कापूस काढ."

"असू दे की, शोभतंय."

"तिथं बर्फ पडत नाही!"

अक्का ओरडली. आमची अक्का! मावशीचं कुंकवाचं बोट आंटींच्या कपाळाशी पोचलंच नाही. अक्कानं स्वतः पुढं जाऊन कापूस ओरबाडला, टेकडीचा थोडा रंगही निघाला.

मी फोन पुढं केला. "हे मावशीला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

वाटलं, आता माझ्यावर खेकसेल. पण लावला तिनं फोन, एका मुठीत कापूस तसाच. "विश्वेश, झाडं नाही बदलणार. पाठवलंय तसंच घ्या, नाहीतर राहू दे." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. "नाही," ती म्हणाली. मग परत, "नाही हो."

राहिलंच ते. पुस्तक निघालं, पहिल्या पानावर दुसऱ्या कुणाचे तरी पाइन, खाली त्याचं नाव. मावशी अजून मला बोल लावते. अक्का? ती परत दुसऱ्या कुणासाठी बर्फ काढतेय! डोकं फिरतं माझं. पण काम संपलं की ती फाइल बंद करते, दुसरी उघडते. एक झावळी काढते, पुसते, परत काढते. पेन ओढलं की आख्खा नारळ उगवेल असा ब्रश बनवतेय.

"कुणी मागितलाय?" मी विचारलं.

"सुम्ने बस," ती म्हणाली.