बिल्डची रांग आणि हिंगणीची वाडी

दुपारचं जेवण होऊन बराच वेळ झाला तरी स्क्रीनवर ‘क्यूड’च दिसत होतं. म्हणजे बिल्ड अजून रांगेतच. तेवढ्यात आईचा फोन आला.

“निघाली का वं?”

“नाही गं, काम अडलंय.”

“काल भी अडलंच होतं. वाडी मोडाची हाय, बाप्पा. ट्रॅक्टरवाला कव्हाही येते. एक डाव पाहून तं जा.”

आई हिंगणीला एकटी राहते. बाबा गेल्यावर भाजीची वाडी तिनंच सांभाळली. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं सेलूच्या बाजारात नेलं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून वाडी मोडून जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देणार होती. मी पुण्याच्या कंपनीची नोकरी घरून करायची परवानगी काढून सिंदी मेघेत आले, ती तिच्याजवळ राहता यावं म्हणून. पुण्यात होते तेव्हा दर महिन्याला घरी जायचे. इथून हिंगणी तासाभरावर, आणि मी दिवाळीपासून गेले नव्हते.

माझं काम असं. आम्ही दवाखान्यांसाठी ॲप बनवतो. टीममधल्या कुणीही कोड बदलला की तो आपोआप तपासला जातो आणि त्यातून नवं ॲप तयार होतं. ही बिल्ड. ती ज्या मशीनवर चालते तो रनर. सगळे रनर गुंतले की पुढच्या बिल्डनं रांगेत थांबायचं. ती पास झाल्याशिवाय मला क्लायंटला काही पाठवता येत नाही, की जागचं उठताही येत नाही. थंडीत लवकर अंधारतं. मग बोरच्या जंगलाकडच्या रस्त्यानं स्कूटी काढायची हिंमत होत नाही.

मी मॅनेजरना फोन केला. “सर, रांग रोज वाढतेय.”

“रनर वाढवून मागितलेत. मंजुरी यायला महिना जाईल.”

“तोवर?”

“तोवर थांबायचं.”

थांबायला माझ्याकडे महिना नव्हता. मी एकेक रनर काय करतोय ते उघडून पाहिलं. अर्ध्याअधिक रनरवर ‘रनिंग’ लिहिलेलं, पण आत काहीच हलत नव्हतं. बिल्ड झालेली होती आणि रनर टेस्टरच्या ‘ओके’ची वाट बघत अडून बसला होता. तयार ॲप शेवटी हातानं तपासणारी आमची टेस्टर नेहा. तिला विचारलं.

“अगं, मी दिवसभराचे ओके संध्याकाळी एकदमच देते,” ती म्हणाली. “ओके उशिरा दिला तर फक्त माझंच काम मागे राहतं, असं वाटायचं मला.”

दुसरी गोष्टही सापडली. कुणी एक शब्द सुधारला की नवी बिल्ड लागायची, आणि बिनकामाची झालेली जुनीही रांगेत तशीच उभी राहायची.

उपाय सोपा होता. ओकेची वाट बघण्याचं काम रनरवरून काढून वेगळं केलं. बिल्ड संपली की रनर मोकळा. नवी आली की जुनी आपोआप रद्द. पण हा बदलही कोडमधलाच. त्याचीही बिल्ड लागली, आणि तीही रांगेतच जाऊन उभी राहिली. मी खिडकीतून उतरतं ऊन बघत बसले. आत्ता आई हौदावर हातपाय धूत असेल, पदरात चार वांगी असतील, असं सारखं मनात येत होतं. तो दिवसही गेला.

दुसऱ्या दिवशी बदल लागू झाला आणि दुपारपर्यंत रांग उरलीच नाही. सरांचा मेसेज आला, “नवे रनर लागणारच नाहीत बहुतेक.” तो अर्धवट वाचून मी स्कूटी काढली.

आई धुऱ्यावर, वाडीच्या बांधावर बसली होती. समोर काळी, नांगरलेली जमीन.

“सकाळीच आलता ट्रॅक्टर,” ती म्हणाली. “मी म्हटलं त्याले, पोरगी येऊन राह्यली, थांब जरासा. त्याले दुसरीकडं जाचं होतं.”

मी तिच्याशेजारी बसले. तिनं बोटानं दाखवलं, “थ्या तिकडं वांगे होते. इकडं सांभार. यंदा लय दाट आलता.” मी तिकडे बघत राहिले. सांभाराचा वास येतोय का, म्हणून दोनदा खोल श्वास घेतला. ओल्या मातीचाच वास होता.

“चाल घरी,” ती म्हणाली. “चहा मांडतो.”

रांग लांबली की आता मी रनर मागत नाही. आधी कोण कशासाठी अडून बसलंय ते बघते. आणि हिंगणीला जायचं असलं, तर सुट्टी आधी टाकते, बिल्ड मागून लावते.