“कळतंय का?”

“कळतंय की, साहेब.”

मोडनिंबमधल्या एका घराच्या ओट्यावर मी कमलताईंच्या उजव्या हातावर बॉलपेनचं टोक टेकवत होतो. त्यांनी डोळे मिटले होते. हातावर फिकट लालसर चट्टा होता. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. खेड्यात निदानाला बहुतेक वेळा एवढं पुरतं; ना लॅब लागते, ना मशीन. पण कमलताईंना प्रत्येक वेळी कळत होतं. शेवटी मी पेन हवेतच धरलं.

“आता?”

“कळतंय की!”

आमची आशा कार्यकर्ती सविता तोंडाला पदर लावून हसायला लागली. कमलताईंनी डोळे उघडले, पेन कुठं आहे ते पाहिलं आणि त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “हायवेच्या ढाब्यांवर माझ्या भाकरी जात्यात, साहेब. ह्या रोगाचं नाव निघालं तर कोण खाईल?”

चूक माझी होती. मेडिकल ऑफिसरनं ‘कळतंय का?’ असं विचारायचंच नसतं. ‘जिथं कळेल तिथं बोट ठेवा’ म्हणायचं. तसं केलं. चट्ट्याबाहेर बोट अचूक पडलं. चट्ट्यावर पेन टेकवलं तेव्हा त्या निवांत बसून राहिल्या. निदान झालं.

पुढची पायरी वर्गीकरणाची. पाचपर्यंत चट्टे असतील तर पीबी, म्हणजे जंतू थोडे. औषध सहा महिने. त्याहून जास्त चट्टे, किंवा एकापेक्षा जास्त नसा बाधित असतील तर एमबी, औषध वर्षभर. हातापायांवर तीन चट्टे दिसले. ऊन तापलं होतं, खाली आमच्या जीपचा ड्रायव्हर हॉर्न देत होता.

“पाठीवर काही नाही ना?”

“काय न्हाय.”

मी पीबी लिहायला घेतलं आणि तिथंच थांबलो. पेनचा किस्सा आत्ताच झाला होता आणि मी पुन्हा तसंच विचारलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाईमाणसाची पाठ बघायची तर आडोसा हवा, उजेड हवा, सोबतीला बाई हवी. तो व्याप नको म्हणून मी वर्षानुवर्षं ‘नाही ना?’ विचारून पीबी लिहीत आलो होतो. वर्षभर लागणारं औषध सहा महिन्यांत थांबलं तर रोग उलटू शकतो, बोटं वाकडी होऊ शकतात. कमलताईंची करंगळी आधीच ढिली पडली होती, आणि त्यांचं तर हातावरचं पोट.

“सविता, यांना मागच्या खोलीत ने. खिडकी उघडून पाठ नीट बघ.”

थोड्या वेळानं आतून आवाज आला, “सर, पाठीवरच सहा झाले! अजून मोजू?”

“पुरे!”

“मोज की गं,” कमलताई आतूनच म्हणाल्या, “निघालंच हाय तर समदं निघू दे.”

एमबी.

बाहेर आल्यावर त्यांचा एकच प्रश्न. “धंदा बंद करू व्हय?”

“मुळीच नाही. हा रोग भाकरीतून पसरत नाही. औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला धोकाही राहत नाही. फक्त तवा फडक्यानं धरा, चटका बसला तर कळणार नाही.”

“मग हितंच बसून खावा की.”

खाल्ली. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं. सविताही बसली, हॉर्न सोडून ड्रायव्हरही आला.

गोळ्यांनी कमलताईंचा रंग काळवंडला; औषध संपल्यावर तो हळूहळू उतरतो. “आमचं मालक म्हणत्यात, तव्याला जोड मिळाली,” त्या हसत सांगायच्या. तोवर मी पीबी लिहिलेल्या बायकांची पाठ सविता पुन्हा बघत होती. काहींचं एमबी झालं. जुन्यांपैकी ज्या सापडल्या नाहीत, त्यांच्या बोटांचं काय झालं मला माहीत नाही. ते मनातून जात नाही.

औषधाचं वर्ष संपलं. बोटांची ताकद बघायला मी कमलताईंच्या करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद दिला आणि ओढला. सुटेना.

“ओढा की साहेब! भाकरी खाऊन बी जोर न्हाय?”

कागद फाटला, पण सुटला नाही.

नवीन डॉक्टर आले की मी त्यांना सांगतो, विचारा जरूर. उत्तर काहीही आलं तरी पाठ बघा.