लिखा नव्हत्याच त्या

“या लिखा नाहीत,” भंडाऱ्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, आणि मी खुर्चीतच सैल पडले. आठ महिने ज्यांच्या मागे हात धुऊन लागले होते, त्या नव्हत्याच!

मी सिहोऱ्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पोरांची नखं, डोकी तपासायची, आयांना स्वच्छता समजावायची, हे माझं काम. आणि माझ्याच केसांत पांढरे ठिपके! केसही मध्येच तुटायचे. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैठकीला मी डोक्याला स्कार्फ बांधून मागच्या रांगेत बसायला लागले. उवांचं औषध तीनदा लावून झालं.

मग सासूबाईंनी माझं डोकं ताब्यात घेतलं. रोज दुपारी जेवणं उरकली की त्या मला ओसरीत पुढ्यात बसवायच्या आणि बारीक दातांच्या फणीनं ओढून ओढून एकेक ठिपका खरवडायच्या. खरं सांगू? लग्नानंतर दोन वर्षं आम्ही कामापुरतंच बोलत होतो. लिखांनी आम्हाला बोलतं केलं. माझं डोकं हातात आलं की त्यांना बपेऱ्याचं माहेर आठवायचं, आणि मीही मनातलं सांगून मोकळी व्हायचे.

डॉक्टरांनी डर्मोस्कोपमधून, म्हणजे दिवा असलेल्या भिंगातून, केस पाहिला आणि स्क्रीनवर मलाही दाखवला. ठिपक्याच्या जागी केस पिंजला होता, दोन खराटे एकमेकांत खुपसावेत तसा. “याला ट्रायकोरेक्सिस नोडोसा म्हणतात. केसाची दांडी जागोजागी फुटते.”

मग त्यांनी कागदावर केस काढला. बाहेरचं आवरण म्हणजे क्युटिकल. त्याचे खवले छपरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक बसलेले असतात. आत कॉर्टेक्स. केसाची ताकद तिथल्या केराटिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांत. कवेलू निघाले की हे धागे उघडे पडतात.

“केसांवर काय काय केलंत?”

दिराच्या लग्नात तुमसरच्या पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते, औषध लावून आणि गरम इस्त्री फिरवून. मी हळूच कबूल केलं. त्यात रोजची फणी, न्हायच्या दिवशी तर ओल्या केसांतच. ओला केस फुगलेला असतो, लवकर ताणला जातो.

“बाहेर आलेला केस मेलेला असतो, तो दुरुस्त होत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मुळं चांगली आहेत. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर नवा येईल. फणी मात्र बंद.”

थायरॉइड आणि लोह तपासायला रक्त दिलं. रिपोर्टसाठी बाकावर बसून होते, पण काळजी रक्ताची नव्हतीच. फणी बंद हे घरी सांगायचं कसं? आणि सासूबाईंबरोबरच्या त्या दुपारीच संपल्या तर? मला रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं, मोठाच आजार निघाला. रिपोर्ट चांगले आले.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई फणीकडे बघत राहिल्या.

“म्हंजे मीच तुये केस तोडून राहिली होती?”

“निम्मे तं मीच तोडले, आई. पार्लरात मीच गेली होती.”

त्यांनी फणी उचलून कोनाड्यात ठेवली. तिथूनच म्हणाल्या, “मंग आता दुपारी तू मायापाशी कायले बसशीन?”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले.

तुमच्या केसांत असे ठिपके दिसले तर लाजू नका, आणि ओरबाडूही नका. आधी डॉक्टरांना दाखवा. माझे फुटके केस कापून टाकले, नवे आता मानेखाली आलेत. स्कार्फ सुटला, बैठकीत पुढच्या रांगेत बसते.

मोठ्या दातांच्या कंगव्यानं कोरडे केस विंचरायला पाच मिनिटं पुरतात. सासूबाईंना तासभर लागतो. मी घाई करत नाही.