उत्तरार्ध जरा वेगात

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून भिंगं घासणं हा माझा धंदा. केसाएवढा फरक पडला तरी गिऱ्हाईक पायऱ्या उतरताना चाचपडतं, त्यामुळे हाती घेतलेलं काम मी सहजी सोडत नाही. सत्तेचाळीस वर्षं हा चिकटपणा निरुपद्रवी होता. मग मी पळायला लागलो.

डॉक्टरांनी फक्त ‘रोज थोडं चाला’ एवढंच सांगितलं होतं, बिचाऱ्यांना दोष नको. चालता चालता धावलो, धावता धावता एका गटात शिरलो आणि वर्षाच्या आत बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून मोकळा झालो. घरी सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं, “कोणी मागे लागलंय का तुमच्या?”

त्याआधी मला छंद होते, चारचौघांना असतात तसे. शनिवारी जुनी कुलपं खोलून बसायचो, गॅलरीत मिरचीची रोपं लावायचो आणि मंगळवारी संध्याकाळी बासरी वाजवायचो. आधी कुलपं गेली, कारण शनिवारी दुपारी झोप अनावर व्हायची. मग रोपं गेली. पाणी प्यायची माझी वेळ मी एकदाही चुकवली नाही, त्यांची मात्र चुकत गेली. पाहुणे आले की मी त्यांना माझ्या नाडीचे ठोके सांगायचो. पायाच्या अंगठ्याचं नख पडलं तेव्हा ते रुमालात बांधून मोठ्या कौतुकाने बायकोला दाखवायला आणलं. ती जेवत होती.

बासरी मात्र सुटू द्यायची नाही, असं ठरवलं होतं, कारण ती एकट्याची नव्हती. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले औषधवाले काका व्हायोलिन वाजवतात. अकरा वर्षं दर मंगळवारी दुकान बंद झालं की त्यांच्या गोदामात, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर बसून आम्ही दोघं वाजवायचो. वर्षातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात पन्नासेक लोकांसमोर बसायचो. गेल्या वर्षी काकांच्या डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट आखडायला लागलं. अजून वर्षभर वाजवाल, पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी मला बोलावून स्वतः बांधलेली सात मिनिटांची एक संथ धून ऐकवली.

“एवढी एकदा लोकांसमोर नीट वाजवू. मग बोटाचं व्हायचं ते होऊ दे,” ते म्हणाले. मी शब्द दिला.

नेमका मंगळवार हा आमच्या गटाचा वेगाने पळायचा दिवस निघाला. मग मी काकांना फोन करायचो. नुसतं ‘येत नाही’ म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आठवड्याचं सगळं वेळापत्रक ऐकवायचो. बुधवारी सहा किलोमीटर, गुरुवारी दहा, शनिवारी आराम, रविवारी अठ्ठावीस, सोमवारी पुन्हा आराम. “बरं बाबा,” काका म्हणायचे. सहा महिन्यांत मी गोदामात चारदा गेलो आणि त्यातल्या एकदा खोक्यावर पाय टाकून झोपलो. पळण्याने दम वाढतो, म्हणजे हा बासरीचाच रियाज, असं मी बायकोला समजावलं. तिला ते पटलं नाही, पण वाद घालायला साडेआठनंतर मी जागा नसायचो.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता आणि दुसऱ्या दिवशी मला बत्तीस किलोमीटर पळायचं होतं. पाय शिणू नयेत म्हणून मी लोकांना भेटायलाही उभा राहिलो नाही. बायको पहिल्या रांगेत होती.

धुनेचा पहिला अर्धा भाग इतका छान गेला की मलाच माझं नवल वाटलं. आता आमच्या गटात एक नियम आहे, उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा वेगात. सहा महिने मी तो पायांत मुरवला होता, तो ओठांपर्यंत कधी चढला ते कळलं नाही. धुनेचा मध्य ओलांडला आणि मी वेग धरला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं कौतुकाने पाहताहेत, म्हणून आणखी वाढवला. व्हायोलिन मागे पडत गेलं आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. सहा मिनिटं दहा सेकंदांत मी संपवलं. आकडा नेमका माहीत आहे, कारण बासरी खाली घेताच मी मनगटावरचं घड्याळ दाबून थांबवलं. सुरू कधी केलं होतं ते आठवत नाही. काका अजून वाजवत होते. संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काकांनी गज खाली घेतला. त्यांच्या धुनेचा शेवट कोणी ऐकलाच नाही. बायकोने डोळ्यांवर हात घेतला.

सभागृह रिकामं झाल्यावर मी काकांजवळ गेलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“काका, चुकलं माझं. आत्ता परत वाजवू. मी तुमच्या मागे मागे येतो.”

ते नाही म्हणाले नाहीत. व्हायोलिन खांद्याला लावलं, राहिलेल्या भागाला हात घातला आणि चौथ्या सुरावर ते बोट तारेवर वाकलं ते तसंच राहिलं. उजव्या हाताने त्यांनी ते सोडवून सरळ केलं.

“आजचं झालं,” ते म्हणाले. “तासभर गरम पाण्यात धरलं की एकदा चालतं. दिवसातून एकदाच.”

“कधीपासून?”

“झाले चार महिने.”

चार महिन्यांत मी हे विचारलंच नव्हतं. “मग उद्या वाजवू,” मी म्हणालो. “उद्या सकाळी येतो.”

“उद्या तुझे बत्तीस आहेत,” व्हायोलिन पेटीत ठेवत काका म्हणाले. “सोमवारी तुझा आराम, तेव्हा नको. मंगळवारी वेगाचं. बुधवारी सहाच असतात, बुधवारी बघ जमलं तर.”

टोमणा नव्हता तो. फोनवर मी जे जे ऐकवलं ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं, आपल्या बोटाची अडचण माझ्या पळण्याच्या आड येऊ नये म्हणून.

“उद्या पाणी किती वाजता तापवायचं?” मी विचारलं.