आभाळातून कोरडं दिसणारं वावर

काळ्या जमिनीतली हराळी आणि आमच्या केंद्रातले किस्से, कितीही उपटा, पुन्हा फुटतात. चांदूर बाजारजवळ एका वावरात, जमिनीची ओल मोजणाऱ्या उपग्रहाची मोजणी तपासण्याचं केंद्र आहे. मी तिथला चौकीदार. राऊत मॅडम, यंत्रं सांभाळणारा इरफान आणि मी. एवढाच कारभार.

*

वावरात पत्र्याचा एक तिरपा कोपरा उभा केला आहे. उपग्रहाची लहर त्यावर आपटून परत वर जाते, उपग्रहाच्या चित्रात ठिपका उमटतो. त्यावरून उपग्रहाची नजर तपासतात.

एका उन्हाळ्यात ठिपकाच गायब! मॅडम आकडे तपासून थकल्या. मी वावरात गेलो. शेजारच्या शांताबाईने पत्र्याखाली विटा लावून वर कुरड्या वाळत घातल्या होत्या.

मी ओरडलो. ती म्हणाली, "बोंबलता काहून, भाऊ? तिरपं होतं, म्या सरळ करून देल्लं!"

*

इरफानसाठी अकोल्याचं स्थळ आलं. मुलीच्या बापाने मला विचारलं, "पोरगा काय करते?"

"उपग्रहाच्या चुका काढते."

"मंग तो घरातल्याही काढीन ना!"

तरी जमलं. अट एकच, नोकरी टिकली पाहिजे.

*

आणि त्याच पावसाळ्यात घोटाळा झाला. वावरात गुडघाभर चिखल, उपग्रह म्हणे कोरडं! जवळपास कोणतं तरी यंत्र लहरी सोडत असलं, की उपग्रहाला जमीन कोरडी वाटते.

आमच्या मोठ्या साहेबांचा अमरावतीच्या ऑफिसातून फोन आला, "यंत्र सापडलं नाही, तर केंद्राला कुलूप!"

इरफानचं जेवण सुटलं. तो लहरी हुडकणारी अँटेना घेऊन गावभर फिरला, मी त्याच्या मागे. सरपंच म्हणाले, "शोधता काहून? दुष्काळ दाखवून राहिला तं दाखवू द्या ना!"

*

गावात काही मिळालं नाही. परत आलो, तर आमच्याच फाटकाशी अँटेना किंचाळायला लागली. छतावर फोनची रेंज वाढवणारं बूस्टर होतं. साहेबांनीच नुकतं पाठवलेलं, त्यांचा फोन लागावा म्हणून!

इरफानने वायर उपटली. उपग्रहाच्या पुढच्या फेरीत वावर ओलं दिसलं. मॅडमनी साहेबांना लगेच मेल केला. साहेब मेल वाचत नाहीत. आणि फोन आता लागत नव्हता.

दोन दिवसांनी साहेब फाटकात उभे. एका पायात बूट, दुसरा पाय पिंढरीपर्यंत चिखलाने काळा.

"कोरडं आहे म्हणून जीप वावरातूनच घातली!"

इरफानने अदबीने विचारलं, "सायेब, कुलूप जीपमधी राह्यलं काय? आणू?"

"राहू दे!" साहेब म्हणाले. "ट्रॅक्टर आण!"